बिगारीवरनं पुढं काय? सातारा-सांगलीत बांधकामावरच्या पोरानं कोणती लाइन धरावी?

प्रश्न: कराडकर_थोरला

धाकटा भाऊ 20 वर्षांचा आहे, बारावी कला झालाय. सध्या कराड भागात घरबांधणीच्या साइटवर बिगारी आहे. माल कालवणं, विटा चढवणं, स्लॅबला पाटी, नंतर पाणी मारणं, हेच काम. अंगात ताकद आहे आणि कामाला नाही म्हणत नाही. पण आता आरएमसीची (प्लांटवर तयार केलेल्या काँक्रीटची) गाडी येते, पंप लागतो, विटेच्या जागी ब्लॉक येतात. दहा वर्षांनी बिगाऱ्याला काम राहील का? आणि आतापासून शिकायचं तर गवंडीकाम, सेंट्रिंग (स्लॅब-बीमचे साचे बांधणं), फिटिंग (सळई बांधणं), टाइल्स यातलं काय धरावं? बारावी कलावाल्याला परत शिकायची काही वाट आहे का? जाणकारांनी नेमकं सांगावं. "मेहनत कर, होईल सगळं" हे घरचे रोज सांगतातच.

उत्तर: ओळंबा_सांगली

आधी काम कुठं चाललंय ते मापात बघा. 1000 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे बीम सोडून साधारण 11.8 घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 प्रमाणात घनमीटरला 8 पोती धरली तर 94-95 पोती. एका पोत्याच्या मिक्सरवर एक घाणा 4 मिनिटांचा धरला तरी मशीन सव्वासहा तास फिरतं. खडी, क्रशसँड (दगड दळून केलेली वाळू), सिमेंट, पाणी, लिफ्ट, वरची पाटी, पसरणारे असे मिळून 18-20 माणसं लागतात. हाच माल आरएमसीच्या 6 घनमीटरच्या दोन गाड्यांत येतो आणि पंपानं दोनेक तासांत पडतो. पाइप धरायला, पसरायला, व्हायब्रेटरला (माल हलवून घट्ट बसवणाऱ्या सुईला) आणि रंध्याला (वरचा माल सपाट करायला) 7-8 माणसं पुरतात. गेली ती पाटी उचलणारी माणसं. व्हायब्रेटर आणि रंधावाली राहिली.

सगळीकडं असं होणार नाही. प्लांटवर पाणी पडल्यापासून साधारण दोन तासांत माल साच्यात पडायला हवा. पाटण-जावळीच्या घाटातल्या वाड्या, जत-आटपाडीच्या लांबच्या वस्त्या, गावठाणातले गाडी न शिरणारे बोळ, इथं मिक्सर अजून बरीच वर्षं फिरणार. म्हणजे बिगाऱ्याचं काम संपत नाही, पण कमी आणि तुटक होत जाणार. पावसाळ्यात तर आत्ताच हजेऱ्या निम्म्यावर येतात. म्हणून माझं मत सरळ आहे: बिगारी म्हणून दोन वर्षं, त्यापुढं एका कामाचा कारागीर.

या दोन वर्षांत बिगारी राहूनच शिकता येणारं सर्वांत मोलाचं काम म्हणजे काँक्रीटचा माल. माल मोजायचा फर्मा, म्हणजे पेटी, 40 × 35 × 25 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे बरोबर 35 लिटर, म्हणजेच एक पोतं सिमेंटचा आकार. एका पोत्याला क्रशसँडचा दीड फर्मा, खडीचे 3 फर्मे आणि पाणी 25 लिटर. मापाशिवाय पाट्या मोजून टाकल्या की एक पाटी शिगोशिग आणि दुसरी सपाट, असं होऊन प्रमाण बिघडतं. पाण्याचं तर विचारूच नका. "माल चालत नाही" म्हणून 25 चे 30 लिटर केले की पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 वरून 0.6 वर जातं आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं घसरते. क्रशसँड भिजलेली असेल तर तिच्यातलं पाणीही यात धरायचं, म्हणजे वरून 25 पेक्षा कमी घालायचं. आरएमसीच्या गाडीत पाइपनं पाणी सोडतात तीही हीच चूक, फक्त मोठ्या मापात.

व्हायब्रेटरची सुई झपकन खाली न्यायची, 5 ते 15 सेकंद ठेवायची, सावकाश वर काढायची, आणि पुढची जागा दीड फुटाच्या आत. बुडबुडे थांबले आणि वर तुकतुकी आली की बास. सुईनं माल ढकलत न्यायचा नाही, त्यानं खडी एकीकडं आणि सिमेंटची लापशी दुसरीकडं जाते. कॉलमच्या पायाशी पोकळ खडी दिसते तिची, सुई नीट न फिरवण्याशिवाय, नेहमीची कारणं दोन: वरून पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरनं माल सोडला, नाहीतर साच्याच्या फटीतून लापशी वाहून गेली. स्लॅबच्या दिवशी या सुईला नीट माणूस सापडत नाही. भावानं ती मागून घ्यावी.

गवंडीकामाचं थोडक्यात. 600 × 200 × 150 मिमीचा एक ब्लॉक आठ-नऊ विटांएवढा असतो आणि तो 3 मिमी जाडीच्या केमिकल सांध्यावर बसतो. भिंत लवकर उठते आणि माल कालवणारा हात लागत नाही. पण पहिला थर लेव्हलला नसेल तर 3 मिमीच्या सांध्यात पुढं काहीच झाकता येत नाही. विटेच्या कामात सांध्यात चूक जिरवता यायची. ब्लॉकला विटेसारखं भिजवायचं नाही, नुसतं पाणी शिंपडायचं. दर मीटर-सव्वा मीटर उंचीला आरसीसी पट्टा, आणि कॉलम-भिंतीच्या जोडावर प्लास्टरआधी जाळी. ही जाळी वाचवली की उभी चीर हमखास येते. हे ज्याला जमतं त्या गवंड्याला काम कमी पडणार नाही.

उत्तर: सळई_फिटर_मिरज

वरच्या दादांशी सहमत, पण मी फिटिंगकडं वळायला सांगेन. माल गाडीतून आला, वीट जाऊन ब्लॉक आला, तरी सळई बांधायला माणूसच लागतो. आणि इथं गणित येणाऱ्याला लगेच किंमत आहे.

उदाहरण घ्या. कॉलम 300 × 450 मिमी, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) 40, उभ्या सळयांभोवतीची रिंग 8 मिमीची. रिंगची बाहेरची मापं 220 × 370. परिघ 1180. दोन हुक प्रत्येकी सळईच्या व्यासाच्या 10 पट, म्हणजे 80 आणि 80. बेरीज 1340. यातनं वाकवताना वाढणारी लांबी वजा करायची: 90 अंशाच्या तीन वाकांना प्रत्येकी 2 पट, 135 अंशाच्या दोन वाकांना प्रत्येकी 3 पट, एकूण 12 पट म्हणजे 96. कटिंग लांबी 1244 मिमी. आता 12 मीटरच्या सळईत 1244 च्या 9 रिंगा बसतात आणि 1340 च्या फक्त 8. एका मजल्याला 12 कॉलम आणि कॉलमला 25 रिंगा धरल्या तर 300 रिंगांना 34 सळया की 38 सळया, एवढा फरक. 8 मिमीची एक सळई 4.74 किलोची, म्हणजे 19 किलो लोखंड. नुसतं पैशाचंच नाही, वजावट न करता तोडलेली रिंग मोठी होते आणि कॉलमचं कव्हर खाते.

वजनाचं सूत्र पाठ पाहिजे: व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर किलो प्रति मीटर. 8 ला 0.395, 10 ला 0.617, 12 ला 0.888, 16 ला 1.58. गाडी आली की नग मोजून काट्याच्या पावतीशी ताडायचं.

हुक 135 अंशाचाच, आत वळलेला. 90 अंशाचा हुक पटकन होतो म्हणून पोरं तोच मारतात. भूकंपात कव्हर फुटलं की तो उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्याच भागातला, तेव्हा पाटण-कराडात काम करणाऱ्यानं तरी यात तडजोड करू नये. कॉलमच्या वर-खाली सांध्याजवळ रिंगा दाट दिलेल्या असतात त्याही यासाठीच. आणि दोन रिंगांचे हुक एकाच कोपऱ्यात येऊ द्यायचे नाहीत, एकेक कोपरा फिरवत जायचं.

कव्हर: स्लॅब 20, बीम 25 ते 30, कॉलम 40, फुटिंग 50 मिमी. खडीचा तुकडा ठेवून चालत नाही, तो सरकतो. सळईला सळई जोडायचा सांधा 12 मिमीच्या सळईला व्यासाच्या साधारण 50 पट म्हणजे 600, आणि सगळे सांधे एका रेषेत नकोत.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे छज्जा आणि बाल्कनी. तिथं मुख्य सळई वरच्या बाजूला असते. स्लॅबच्या दिवशी पाट्या नेणारे तिच्यावरनं चालतात, ती दबून खाली बसते, वरून काही दिसत नाही आणि सेंट्रिंग काढताना छज्जा उतरतो. उपाय म्हणजे खाली घोड्या (वरची सळई उचलून धरणारे टेकू), आणि चालायला वेगळ्या फळ्या. बिगाऱ्याला हे माहीत असेल तर तो त्या साइटवरचा कामाचा माणूस.

कराडकर_थोरला

फारच उपयोगी. दोन शंका. टाइल्सवाल्यांची हजेरी सगळ्यांत जास्त ऐकतो, ती लाइन कुणी सुचवली नाही, असं का? आणि सेंट्रिंगमध्ये जम बसेल का?

उत्तर: प्लेटा_जॅक_तासगाव

सेंट्रिंगबद्दल. मोठ्या शहरातल्या टॉवरांवर ॲल्युमिनियमचे साचे आलेत, आपल्याकडच्या घरांना अजून प्लेटा, जॅक आणि बल्ल्याच आहेत. काम आहे, जोखीमही आहे. जास्त करून बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे टेका. काळ्या जमिनीवर किंवा नुकत्या भरलेल्या मुरमावर जॅक थेट उभा केला की ओल्या मालाच्या वजनानं खचतो. खाली जाड फळी आडवी टाकून मगच जॅक, आणि दोन दिशांना तिरके बांध. दुसरं म्हणजे खोलायची घाई. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 4.5 मीटरपर्यंत असेल तर टेके 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14. बीमचा गाळा 6 मीटरपर्यंत 14, त्यावर 21. कॉलमच्या बाजू 16 ते 24 तासांनी काढता येतात. हे दिवस साध्या सिमेंटचे आहेत. राखमिश्रित पीपीसी असेल किंवा थंडी असेल तर आणखी थांबायचं, कारण ते सिमेंट सावकाश धरतं. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात, म्हणून दहाव्या दिवशी "काढ" म्हणतो. खाली उभा असतो तो मजूर. छज्ज्याचे टेके बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचं, उलट नाही.

पाण्याचंही तेच: साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला 10, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात आळं बांधून पाणी साठवलेलं बरं. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मधे वाळू देणं यानं बारीक तडे पडतात.

उत्तर: ओळंबा_सांगली

टाइल्स वगळायचं कारण सांगतो. पैसा आहे, नाही म्हणत नाही. पण राजस्थानचे कारागीर टोळीनं येऊन चौरस फुटावर काम घेतात, त्यांच्या वेगाला पोचायला चार-पाच वर्षं जातात. शिवाय गुडघे आणि छाती लवकर जाते. कोरडी टाइल ग्राइंडरनं कापताना जी धूळ उडते ती फुप्फुसात कायमची बसते. धरायचीच असेल तर पाणी सोडून कापायचं आणि नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावायचा.

कामातली मेख एवढीच, की व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, अर्धा टक्काही नाही. सिमेंटची लापशी लावून भिंतीवर चिकटवली की वर्ष-दोन वर्षांत पोकळ वाजते आणि निखळते. तिला ॲडहेसिव्हच लागतं. दातेरी थापीनं एकाच दिशेनं ओढायचं, मोठ्या टाइलला पाठीवरही पातळ थर, मधे 2 मिमीचे स्पेसर. 20 किलोची पिशवी 3-4 मिमी थराला साधारण 45-50 चौरस फूट जाते. यापेक्षा जास्त पुरली तर ठिपके मारलेत असं समजायचं.

सांगली-मिरजेत आणखी एक काम वाढतंय, ते वॉटरप्रूफिंग आणि दुरुस्तीचं. 2005, 2019, 2021 च्या महापुरांत भिजलेल्या भिंतींचा गिलावा फुगतो, मीठ बाहेर येतं. त्यावर नुसता नवा रंग किंवा नवा गिलावा टिकत नाही. जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत विटेपर्यंत काढायचा, सांधे खरवडायचे, भिंत महिना-दोन महिने वाळू द्यायची, मग नवा. हे धीराचं काम आहे, मशीन यात येणार नाही.

उत्तर: स्टाफ_आणि_लेव्हल

अभ्यासाच्या वाटेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बारावी कला असली तरी दार बंद नाही. आयटीआय आणि सिव्हिल डिप्लोमा, दोन्हींचा पहिल्या वर्षाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि सर्व्हेअर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. शासकीय तंत्रनिकेतन कराडलाही आहे आणि मिरजेलाही, म्हणजे घरी राहून होण्यासारखं.

सरकारी वाटही आहे: स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक. दहावी आणि त्याच नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम ही त्याची ओळखीची पात्रता. 2023 साली सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांच्या भरतीत हे पद होतं. काम मोजमापाचं, नोंदींचं आणि साइटवर लक्ष ठेवण्याचं. मात्र जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचूनच अभ्यासक्रमाला पैसे भरावेत. खासगी संस्थांचं प्रमाणपत्र चालेल असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

अभ्यास जमणारच नसेल तर मोठ्या कामांवर मदतनीस म्हणून शिरावं. सातारा-कागल महामार्गाचं सहापदरीकरण, टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाइपलाइनी, अशा कामांवर घमेल्याचं काम कमी आणि सर्व्हे-लॅबच्या मदतनिसाचं जास्त असतं. तिथं बहुतेकदा महिन्याचा पगार आणि पीएफ मिळतो. लागतं ते फार नाही. लॅबमध्ये काँक्रीटचा 150 मिमीचा क्यूब तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळीचे 35 ठोके, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात, 7 आणि 28 दिवसांनी दाब. क्यूबवर तारीख आणि जागा लिहायची राहिली तर सगळं काम वाया.

लेव्हलचं गणित एका ओळीचं. माहीत उंचीच्या खुणेवर, समजा 100.000 वर, स्टाफ (उभी मापपट्टी) धरला आणि दुर्बिणीतून वाचन 1.250 आलं, तर दुर्बिणीची उंची 101.250. दुसऱ्या जागी वाचन 1.865 आलं तर ती जागा 99.385, म्हणजे खुणेपेक्षा 615 मिमी खाली. वाचन मोठं तर जागा खोल, एवढं डोक्यात बसलं की झालं. स्टाफ धरणाऱ्यानं तो थोडा पुढं-मागं झुलवायचा, इंजिनिअर सगळ्यांत लहान वाचन घेतो, कारण स्टाफ तिरका असला की वाचन वाढतंच.

उत्तर: कामगार_नोंदणी_सातारा

लाइन कुठलीही धरा, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आजच करा. वय 18 ते 60, आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा नगरपालिका-महापालिकेचा अधिकारी. सोबत आधार, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. अर्ज ऑनलाइन होतो. फी नाममात्र असते, एजंटाला हजार-दोन हजार देऊ नका.

हे पैसे कुणाची मेहरबानी नाही. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर गोळा होतो, त्यातून ही कामगारांची रक्कम येते. पहिल्या लग्नाला 30,000, कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख, मुलांना पहिलीपासून अभियांत्रिकीपर्यंत शिष्यवृत्ती. अडतं ते नूतनीकरणात. दरवर्षी नवा 90 दिवसांचा दाखला लागतो. ते विसरलं आणि नेमका त्याच काळात अपघात झाला की घरच्यांच्या हातात काही राहत नाही.

बायकांनी नोंदणी स्वतःच्या नावावर करावी. नवऱ्याचं कार्ड आहे म्हणून सोडून देतात, पण 90 दिवस तिनंही माल वाहिलेला असतो. प्रसूतीला 15,000, सिझेरियनला 20,000 तिच्या नोंदणीवर मिळतात.

आणि हजेरी स्वतःच्या वहीत लिहायची: तारीख, साइट, पूर्ण की अर्धा दिवस, घेतलेली उचल. शनिवारी हिशेब करताना मुकादमाची वही एकटी नसावी.

उत्तर: प्लेटा_जॅक_तासगाव

सुरक्षेचं राहिलं होतं ते टाकतो, कारण नवीन पोरं यातच सापडतात. 12 मीटरची सळई वर चढवताना ती फिरते आणि शेजारच्या 11 केव्हीच्या तारेला लागते. तार जवळ असेल तर सळई खालीच तोडून न्यायची. व्हायब्रेटर आणि ग्राइंडरच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचं गळती-ब्रेकर असायलाच हवं, ओल्या स्लॅबवर अनवाणी माणूस आणि सोललेली वायर म्हणजे खेळ खलास. काळ्या मातीतला पाच फुटांपेक्षा खोल चर आधाराशिवाय उतरायचा नाही, उकरलेली माती कडेपासून दीड मीटर लांब टाकायची. पावसानंतर तर कड सकाळी ठीक दिसते आणि दुपारी बसते.

ओलं सिमेंट कातडी जाळतं. गमबुटात माल शिरला तर दिवस संपायची वाट न बघता लगेच काढून भरपूर पाण्यानं पाय धुवायचे. संध्याकाळी चट्टे दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

कराडकर_थोरला

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: नोंदणी या आठवड्यात. पुढचे सहा महिने याच साइटवर, पण व्हायब्रेटर आणि फिटरच्या हाताखाली. आयटीआयचा अर्ज पुढच्या प्रवेशाला. आता सुरुवातीला स्वतःची हत्यारं कोणती घ्यावीत?

उत्तर: सळई_फिटर_मिरज

5 मीटरचा टेप, ओळंबा, गुण्या, सळई बांधायचा हूक, पेन्सिल, खिशात मावणारी वही. एवढ्यावर सुरुवात होते. लेव्हलसाठी 10 मीटर पारदर्शक नळी घ्यावी, भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन टोकांत फरक दाखवते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघायचं. काटकोन गुण्यावर भागवू नका. मोठ्या आखणीला दोरीनं 6, 8 आणि 10 फूट बाजूंचा त्रिकोण घ्या, मग दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले पाहिजेत.

टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो. तो खराब आहे समजून ठोकून पक्का करतात, तसं करू नये. पत्र्याच्या जाडीएवढंच तो सरकतो, म्हणून बाहेरून अडकवून आणि आत टेकवून घेतलेलं माप सारखं येतं.